आत्याचे चार ठोके

त्या जॅझ क्लबचा इतिहास ज्यांनी ज्यांनी लिहिला, त्यांच्यापैकी एकालाही पहाटे तीनला उठून कामावर जायचं नव्हतं. त्यामुळे त्या सगळ्या लिखाणात संगीत आहे, सिगारेटचा धूर आहे, दर्दी मंडळी आहेत. झोप कुठेच नाही. माझी आत्या मात्र त्यात आहे, आणि तीही फोटोसकट. फक्त ती तिथे काय करत होती हे साफ चुकीचं छापलंय, आणि दर आवृत्तीत ती चूक आणखी नटत चालली आहे.

आत्या बेकरीत कामाला होती. अर्धं आयुष्य पीठ मळण्यात आणि गोळे वळण्यात घालवल्यावर तिला भट्टीवर घेतलं होतं. भट्टीवर बाई येण्याची त्या बेकरीतली ती पहिलीच वेळ. भट्टीवरची माणसं स्वतःला जरा वेगळी समजतात. आत्या तर फारच वेगळी समजायची. पाव केव्हा बाहेर काढायचा हे ती वासावरून ठरवायची, आणि मागून कुणी "अजून थोडा वेळ ठेवू या का?" असं विचारलंच, तर त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट्याने पिठाची पोती रचायला निघून जायचा. हा तोरा टिकवायचा तर रात्री आठला डोळा लागायला हवा, एवढी एकच अट होती. आठ ते तीन या झोपेवर तिची भट्टी चालायची.

तिचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. त्याखाली तळघर. तिथे आधी एका फर्निचरवाल्याचं गोदाम होतं, आणि टेबलखुर्च्या स्वभावाने शांत असतात. फर्निचरवाला बुडाला आणि ते तळघर एका छत्रीवाल्याच्या मुलाने घेतलं. बापाचं दुकान चांगलं चालत होतं, पण मुलाला छत्र्या विकणं कमीपणाचं वाटायचं. त्याला संस्कृतीची सेवा करायची होती. अशी माणसं सेवेसाठी दुसऱ्याच्या पलंगाखालचीच जागा का शोधतात, कोण जाणे.

फर्निचरवाल्याच्या न खपलेल्या खुर्च्या तिथेच पडून होत्या, त्याच मांडल्या. ओल दिसू नये म्हणून भिंतींना काळा रंग फासला. पुढे त्या काळ्या रंगामागच्या विचारावर एकाने लेखही लिहिला. छत इतकं खाली, की उंच सॅक्सोफोनवाल्याला मान तिरकी करून वाजवावं लागायचं. ती मान बघून लोक म्हणायचे, काय तल्लीनता आहे. पहिली काही वर्षं श्रोते कमी आणि वादक जास्त असायचे. पण वाजवायचे मात्र जीव तोडून, कारण रिकाम्या खोलीत आवाज चांगला घुमतो.

आत्या आधी रीतसर गेली. केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, भर दुपारी.

"आवाज जरा कमी करता येईल का? मला पहाटे उठायचं असतं."

"ताई, ही कला आहे," मालक म्हणाला.

"असेल की. पण ती माझ्या पलंगाखाली कशाला?"

"कलेला जागा निवडता येत नाही हो."

"मला तरी कुठे येतेय?" आत्या म्हणाली आणि परत आली.

घरी तिच्या बाजूने बोलायला आतोबा होते. पण ते लाँड्रीत बॉयलरवर कामाला; त्या धडधडाटात त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. "अहो, ऐकू येतंय का हे?" असं आत्या रात्री विचारायची. "काय?" असं ते विचारायचे, आणि कुशीवर वळून घोरायला लागायचे. आत्याचा निम्मा राग त्या घोरण्यावर असावा असा मला संशय आहे.

शेवटी तिने दांडा काढला. भट्टीत पाव सारायचं जे लांब लाकडी फावडं असतं, त्याचा मोडका दांडा तिने घरी आणून ठेवला होता. जाग आली की ती पलंगावर बसल्या बसल्याच तो लाकडी जमिनीवर आपटायची. आधी ओळीने तीन ठोके. मग खाली काही परिणाम झालाय का हे ऐकायला थांबायची. परिणाम शून्य. मग चौथा ठोका, सगळ्यात जोरात, आणि त्याच्याबरोबर एक शब्द. तो शब्द लाकडातून खाली पोचत नसे, म्हणून क्लबचा इतिहास इतका सभ्य वाटतो.

अशातच एका छोट्या कंपनीने क्लबमधल्या एका रात्रीची रेकॉर्ड काढली. ती रेकॉर्ड गेली एका जाणकाराकडे. म्हणजे सगळे त्याला जाणकारच म्हणायचे. रविवारच्या पुरवणीत तो संगीतावर लिहायचा. ऐकायचा डोळे मिटून, त्यामुळे तो तल्लीन झालाय की त्याला झोप लागलीय हे कुणालाच कळायचं नाही. त्याने त्या रेकॉर्डवर पान भरून लिहिलं. ट्रम्पेट बरा, पियानो ठीक, पण ते ठोके. तीन ठोके, मग काळजाचा ठोका चुकवणारा तो विराम, आणि मग चौथा. त्या विरामात म्हणे अख्ख्या शहराचा एकटेपणा साठला होता. एकटेपणा विकत मिळत असता तर आत्याने दुकानात जाऊन घेतला असता.

जाणकाराने मालकाला विचारलं, "हे वाजवतं कोण?"

मालक छत्रीवाल्याचा मुलगा होता. वारा कुठून वाहतोय हे त्याला बरोबर कळायचं. "त्या समोर येत नाहीत," तो हळूच म्हणाला. "वर बसून वाजवतात."

झालं. क्लबसमोर रांगा लागल्या. लोक खुर्च्यांवर बसून वादकांकडे बघायचं सोडून छताकडे बघायला लागले. वादकांनी मधे मुद्दाम जागा ठेवायला सुरुवात केली, ठोक्यांसाठी. आणि एखाद्या रात्री दमलेल्या आत्याला गाढ झोप लागलीच, तर ट्रम्पेटवाला बरोबर तिच्या पलंगाखाली येऊन, तोंड वर करून फुंकायचा, ती उठेपर्यंत. आधी तिची झोप मोडायची ती यांच्या बेपर्वाईने. आता ठरवून मोडायला लागले, आणि ते बघायला तिकीट लावलं.

आत्याला हे कळलं ते फुलांमुळे. एक तरुण जोडपं संध्याकाळी दारात 'वर वाजवणाऱ्या बाईंसाठी' गुच्छ घेऊन उभं राहिलं. आतोबांनी दार उघडलं, फुलं बघितली आणि पडलेल्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तोपर्यंत बेकरीत पावांचा एक अख्खा घाणा जळून झाला होता. आत्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि सगळे पाव काळे पडले. बेकरीचा मुख्य वाईट माणूस नव्हता. "पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला काउंटरवर बसवावं लागेल," एवढंच तो म्हणाला. भट्टीवरच्या माणसाला काउंटरवर बसवणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत पाणी वाढायला लावण्यासारखं आहे. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

तिने विचार केला आणि दांडा बाजूला ठेवला. ठोकेच नसतील तर लोक येतील कशाला? कानात कापूस घालून, उशी डोक्यावर घेऊन ती नुसती पडून राहायची. ट्रम्पेटवाला खालून फुंकून फुंकून लाल झाला. वरून काही नाही. मालकाचं धाबं दणाणलं. पण त्या रविवारी जाणकाराने लिहिलं, की ही या कलावतीच्या उत्तरकाळाची सुरुवात आहे. आता ती न वाजवता वाजवते. तिकिटं आणखी महागली.

मग उरली नगरपालिका. आत्याने तक्रार दिली, सुनावणी लागली. सोबत मी गेले. एक लांब टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, भिंतीला टेकून मोडक्या कपाटांची रांग, आणि मधे गळ्यातला मफलर न सोडणारा एक अधिकारी. समोर मालक होता, आणि त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून जाणकार.

"बाई, तुमचं म्हणणं काय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मला झोप मिळत नाही. यांनी आवाज बंद करावा म्हणून मी ठोकते."

मालकाने ग्रामोफोन आणला होता. रेकॉर्ड लागली. अधिकाऱ्याने कान लावून ऐकलं. ठोके आल्यावर त्याने टेबलावर बोटाने ताल धरला, आणि तेव्हाच मला कळलं की आपलं काही खरं नाही.

"हे तुम्हीच ठोकलंय?"

"मीच."

"इतकी वर्षं? रोज?"

"रोज."

"म्हणजे तुम्ही कार्यक्रमात नियमित भाग घेता," अधिकारी लिहिता लिहिता म्हणाला.

"भाग नाही हो घेत. शिव्या देते."

जाणकार उठून उभा राहिला. त्याचे डोळे पाणावले होते. "मोठी माणसं आपल्या कामाबद्दल असंच बोलतात," तो म्हणाला. "त्यांना आपण काय केलंय ते माहीतच नसतं."

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर असा भाव मी आधी कधी पाहिला नव्हता. आपण बोलतोय आणि आवाजच निघत नाहीये, असं वाटल्यावर होतो तसा. निकाल तिथल्या तिथे लागला. स्वतः वाजवणाऱ्या व्यक्तीला त्याच वाजवण्याबद्दल तक्रार करता येत नाही. बाहेर पडताना अधिकाऱ्याने तिची सही मागितली, आणि ती कागदपत्रांसाठी नव्हती.

थोड्या दिवसांनी क्लबचा वाढदिवस आला. मालक घरी येऊन आत्याला सत्काराचं आमंत्रण देऊन गेला. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं, पण ती हो म्हणाली. तिचं म्हणणं असं, की मालक लबाड आहे, तो जाणकार बावळट आहे, पण बाकीचे लोक आपल्यासारखेच कामाला जाणारे असतील. लाकडातून सांगितलं म्हणून त्यांना कळलं नाही. तोंडावर, नीट शब्दांत सांगितलं की माणसाला कळतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

तिला व्यासपीठावर नेलं. टाळ्या थांबेपर्यंत ती हात जोडून उभी राहिली. मग माइकसमोर शांतपणे म्हणाली, "मी वर राहते. बेकरीत भट्टीवर काम करते. पहाटे तीनला उठते. तुमच्या आवाजाने मला झोप लागत नाही. मी ठोकते ते त्यासाठी. आणखी एकदा पाव जळले तर माझी भट्टी जाईल. कृपा करून आवाज कमी करा."

क्षणभर सगळं गप्प झालं. मला वाटलं, पोचलं.

मग अख्खं तळघर उठून उभं राहिलं. टाळ्यांनी छताचे पोपडे पडले. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज कमी करा," दुसऱ्याने ते उचललं, आणि मग सगळेच घसा फोडून एका सुरात तेच म्हणायला लागले. ड्रमवाल्याने त्यावर ताल धरला. सॅक्सोफोनवाल्याने मान तिरकी केली. आत्याच्या तोंडून निघालेलं साधं वाक्य त्यांनी पार उजाडेस्तोवर वाजवलं, आणि त्याचीही पुढे रेकॉर्ड निघाली.

ती मात्र तीन वाजताच तिथून तशीच, न झोपता, बेकरीत गेली. त्या दिवशीचे पाव कोळसा झाले.

काउंटरचं काम सकाळी उन्हं वर आल्यावर सुरू व्हायचं, त्यामुळे आता झोप भरपूर. "बघ, शेवटी बरंच झालं की," असं लोक मला सांगायचे, आणि मला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटायचा. भट्टीवर एक नवखा आला होता. तो घड्याळ बघून पाव काढायचा. आत्याला काउंटरवर बसल्या बसल्या मागच्या दारातून वास यायचा, ती म्हणायची, "अजून झाले नाहीत रे," आणि तो तेवढ्यात ते बाहेर काढून मोकळा व्हायचा. हे तिला रोज बघावं लागे. मला तिच्याकडे बघवत नसे.

एके सकाळी मी पाव घ्यायला रांगेत उभी होते. माझ्या पुढे जाणकार. हातात कागदात गुंडाळलेला पाव. आत्याच्या डोक्यावर बेकरीची पांढरी टोपी होती, आणि टोपीखालचा माणूस ओळखायची त्याला सवय नव्हती.

"हा पाव बघा," तो पाव काउंटरवर ठेवून म्हणाला. "आतून कच्चा आहे. महिनाभर हेच चाललंय. मी वर्षानुवर्षं इथलाच पाव खातोय. पूर्वी वरचा पापुद्रा कसा खुसखुशीत असायचा. कोण भाजायचं तेव्हा, कळत नाही, पण आता सगळी रयाच गेली."

आत्याने पाव मोडला, आत बोट दाबलं, हुंगला. मग तिने डोळे मिटून घेतले.

"वा," ती म्हणाली.

"वा काय? कच्चा आहे म्हणतोय मी."

"पुन्हा म्हणा. 'कच्चा' म्हणण्याआधी तुम्ही जे थांबलात ना, त्यात सगळं आलं."

"अहो बाई, मी तक्रार करतोय."

"तुम्हाला तसं वाटतंय," आत्या प्रेमाने म्हणाली, आणि मागे वळून तिने हाक मारली, "अरे, बाहेर या सगळे. हे गृहस्थ बघा किती सुंदर बोलतायत."

मागून पिठाने माखलेली चार-पाच माणसं बाहेर आली. त्या नवख्याला वाटलं आपल्याच पावाचं कौतुक चाललंय, त्याने टाळ्या सुरू केल्या. मग बाकीच्यांनी वाजवल्या. रांगेतल्या लोकांनीही, कशासाठी ते न कळता. मी तर मनापासून वाजवल्या.

"पण निदान हा बदलून तरी द्या," जाणकार म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. तो जितका चढत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या. आत्या डोळे मिटून मान डोलावत होती. तो आणखी काहीतरी म्हणाला, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्याने तो कच्चा पाव कागदात गुंडाळला आणि तो घेऊन बाजूला झाला.

आत्याने डोळे उघडले आणि मला विचारलं, "तुला किती देऊ?"