बिनटपाची लाल मोटार

काल मुलाच्या नव्या गाडीचं दार हलकेच मिटलं आणि मला धुळ्यातली ती बिनटपाची लाल मोटार आठवली. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. जळगावात माझा वराती सजवण्याचा धंदा होता आणि ती गाडी मला हवीच होती. मालक छातीठोकपणे सांगत होते, "कंपनीतूनच उघडी आलीये. परदेशी माल."

खात्रीसाठी मी पारोळ्याच्या नानांना नेलं होतं. त्यांचा सारा जन्म गाड्यांचा पत्रा ठोकण्यात गेलेला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "बठ्ठा जण मांगे बसा."

मालक, त्यांचे दोन भाऊ आणि मी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. तापलेलं रेक्झिन पाठीला चटके देत होतं.

"आते दार उघडा."

दार उघडेना. आमच्या वजनाने गाडी मधोमध दबली होती. कंपनी टप काढते तेव्हा खालून जाड पट्ट्या देते, नाना समजावू लागले. इथे कुणीतरी नुसतंच छत कापलं होतं. धोतर सावरत मालक दारावरून खाली उतरले.

मी हिरमुसलो. नाना हसले, "ली ले, भाऊ. वरातले हाईच बरी. नवरदेव पळाव नही."

मी घेतली. पहिली वरात माझीच निघाली आणि घरासमोर दार अडकलंच. सगळी भावकी बघत असताना हिने शालू खोचला आणि दारावरून सरळ उडी मारली. तेव्हा मी शरमेने मान खाली घातली होती. आता वाटतं, माणूस अस्सल असल्याची खात्री मला त्या दिवशी नानांशिवायच झाली.