तुटक रेघेजवळचा अ

माझे यजमान कलबुर्गीत तुरीच्या मर रोगावर काम करायचे आणि मी भालकीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लग्नानंतरची सोळा वर्षं आम्ही शनिवारी संध्याकाळी भेटलो आणि सोमवारी सकाळच्या बसला वेगळे झालो. मधले दिवस ते तिथल्या भाड्याच्या खोलीत, मी इथे. मूलबाळ नाही. गेल्या संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, एका बुधवारी, त्यांचं हृदय थांबलं. बुधवार माझ्या वाट्याचा वारच नव्हता.

त्यांच्या मागे एक आराखडा राहिला. मातीतली बुरशी तुरीच्या मुळात शिरली की रोपाच्या आत काय काय हलतं, कोण कुणाला जागं करतं, कोण कुणाला अडवतं, याचं मोठं जाळं त्यांनी चार कागद चिकटवून पेन्सिलीनं काढलं होतं. ते आमच्या गटाच्या चिन्हांत बसवायचं काम आम्ही दोघं मिळून करणार होतो. आता ते माझ्या एकटीकडे आलं.

गट म्हणजे आम्ही दहा-बारा जण, वेगवेगळ्या गावांतले शिक्षक आणि संशोधक. दर गुरुवारी दुपारी स्क्रीनवर भेटतो. पेशीतल्या अशा जाळ्यांची चित्रं सगळ्यांनी एकाच चिन्हांत काढावीत, एवढाच आमचा उद्योग. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण कुठलंही पाठ्यपुस्तक उघडून पाहा. एकाच पानावर एक बाण म्हणतो, याचं त्यात रूपांतर होतं. शेजारचा तसाच बाण म्हणतो, हे तिकडे सरकतं. तिसरा म्हणतो, याच्यामुळे ते वाढतं. काढणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि तो समोर बसलेला असेपर्यंत कुणाचं अडत नाही.

माझ्याकडे चिन्हं तपासण्याचं काम होतं. नवं चिन्ह ठरलं की मी ते दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर काढायची आणि काहीही न समजावता मुलांना वाचायला लावायची. रेघेच्या टोकाला आडवी दांडी म्हणजे अडवणूक, हे ठरलं त्या आठवड्यात मी दांडी काढून विचारलं, “हे काय सांगतंय?”

“रस्ता बंद हाय, मॅडम,” मागच्या बाकावरून आवाज आला. “पुढं काम चालू हाय.”

“आणि हा बाण?”

“त्यो जायलाय की सरळ.”

“कुठं जायलाय?”

“ते त्यालाच इचारा, मॅडम. आमाला सांगून जाईना झालाय.”

वर्ग हसला. दांडी पास, बाण नापास, असं मी वहीत लिहून घेतलं. शनिवारी यजमानांना सांगितलं तेव्हा तेही खूप हसले आणि म्हणाले, त्या मुलाला तुमच्या गटात घ्या.

ते अफजलपूरकडचे, घरी कन्नड. माझं माहेर राजेश्वरचं, शेती करणाऱ्या मराठी घरातलं. आमच्या घरात दोन्ही भाषा वावरायच्या. भांडण बहुतेक मराठीत व्हायचं, कारण त्यात मी हरत नसे. त्यांच्या वह्या मात्र कन्नडमध्ये. मी कन्नड वाचते, पण हळूहळू, अक्षराला बोट लावून वाचावं तशी. माझ्या चिन्हांची ते थट्टा करायचे.

“सगळ्या जगाला कळावं म्हणून करायलीस,” ते म्हणायचे, “मग घरच्या माणसाला कामून कळंना?”

“घरच्या माणसानं आधी वाचावं. आणि तुमच्या ह्या तुटक रेघा कुणाला कळतात?”

“मला.”

“आणि त्याच्याशेजारचा हा अ कशाचा?”

“चहा ठेव आधी. सांगतो.”

मी चहा ठेवला. मग कुणीतरी आलं, की वीज गेली, आता आठवत नाही. ते सांगणं राहून गेलं.

आराखड्यात अशा तुटक रेघा सात होत्या, आणि प्रत्येकीशेजारी बारीक अक्षरात कन्नडमधला एक अ. आमच्या पद्धतीत तुटक रेघ नाही. जो तो ती हवी तशी वापरतो म्हणून आम्हीच ती काढून टाकली होती. तिच्याऐवजी दोन चौकटी ठेवल्या होत्या. चौकटीत प्रश्नचिन्ह असेल तर अर्थ असा, की हे घडतं की नाही याची खात्री नाही. चौकटीत दोन तिरक्या रेघा असतील तर अर्थ असा, की मधल्या पायऱ्या आहेत, फक्त इथे दाखवलेल्या नाहीत. पहिल्या चौकटीमागच्या माणसाला माहीत नसतं. दुसरीमागच्या माणसाला माहीत असतं.

अ म्हणजे अनिश्चित, अज्ञात. कन्नडमध्येही हे शब्द तसेच आहेत. दुसरं काही माझ्या मनात आलं नाही. मी सात प्रश्नचिन्हं घातली आणि आराखडा गटाकडे पाठवला.

“सातही ठिकाणी?” आमच्या समन्वयकांनी विचारलं. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, बोलायला कडक. “अहो, मग मधला भाग गेलाच की. ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं आहे, तिथेच तुम्ही म्हणता खात्री नाही.”

“मी नाही म्हणत, सर. ते म्हणतात.”

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, ती सगळ्यांना ऐकू आली.

पुढच्या महिन्यात आराखडा सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. त्यानंतर पाहणाऱ्याला एवढंच दिसणार होतं, की या माणसानं इतकी वर्षं काम केलं आणि नेमक्या गाभ्यापाशी त्याला माहीत नव्हतं. ते खरं असतं तर माझी हरकत नव्हती. तेही तसंच म्हणाले असते. पण ते खरं आहे की नाही हेच मला कळायला मार्ग नव्हता. ज्यांना विचारायचं ते नव्हते.

मार्चमध्ये त्यांची खोली रिकामी करायला मी कलबुर्गीला गेले. सोळा वर्षांत त्या खोलीत मी तीनदा गेले होते, तिन्ही वेळा उभ्या उभ्या. एक खाट, एक ताट, एक पेला. फडताळात सहा डबे आणि झाकणांवर खडूनं लिहिलेली अक्षरं, काहींवर अ, काहींवर इ. खाली जिन्याखाली दोन गॅस सिलिंडर होते. एकावर अ, एकावर इ. अक्षर त्यांचंच. आराखड्यातल्या अ ला जसा खाली लहान शेपटासारखा फराटा होता, तसाच इथेही होता.

घरमालकीण सत्तरीच्या. ते त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्या जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होत्या.

“खाला, ये क्या लिखे हैं?”

“पढ़ना नै आता तुमकू? टीचर है ना तुम?”

“अक्षर समझता है. मतलब नै समझा.”

“अ बोलेतो अद. इ बोलेतो इल्ल.” त्यांनी दोन बोटं वर केली. “दोच हरफ आते मेरेकू. सर सिकाये. सिलिंडर पे, पानी के ड्रम पे, डब्बों पे, सब पे लिक्को जाते थे. सर डूटी पे गये तो मैं देख लेती, है क्या नै.”

अद म्हणजे आहे. इल्ल म्हणजे नाही. त्यांच्याकडचं रोजचं, घरगुती कन्नड. बहिणीशी फोनवर बोलताना ते दिवसातून दहादा अद म्हणायचे आणि मी शेजारी बसून ऐकायची. मी शास्त्राचा शब्द शोधत बसले होते आणि त्यांनी घरातला लिहिला होता.

“तुमकू नै बोले सर?” खालांनी विचारलं.

“नै.”

“मेरेकू तो पैलेच दिन बोले.”

त्यात थोडी ऐट होती. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “भरोसा नै आता तो उठाको देखो.”

मी अ लिहिलेला सिलिंडर उचलायला गेले. तो जागचा हलला नाही. इ लिहिलेला एका हातानं वर आला. मी तो पुन्हा होता तिथेच ठेवला, अक्षर भिंतीकडे जाणार नाही असा. वर्गात मी चिन्हं तपासायची, त्या रीतीनं बघितलं तर हे चिन्ह पास होतं. ज्या बाईला दुसरं एकही अक्षर येत नव्हतं तिनं ते न अडखळता वाचलं होतं. नापास झाले ती मी.

रेघ तुटक, म्हणजे मधलं इथे दाखवलेलं नाही; शेजारी अ, म्हणजे ते आहे. भालकीला परत आल्यावर सातही प्रश्नचिन्हं खोडून मी त्यांच्या जागी दोन-दोन तिरक्या रेघा घातल्या. गुरुवारी गटात सांगितलं.

“आधार काय?” समन्वयक म्हणाले.

“गॅस सिलिंडर, सर.”

कुणीतरी हसलं आणि मी हसत नाही हे पाहून थांबलं. मग मी सगळं सांगितलं, खालांच्या दोन अक्षरांसकट. समन्वयकांनी आराखडा पुन्हा उघडून पाहिला.

“अर्थ लागला, हे मान्य,” ते म्हणाले. या वेळी आवाज कडक नव्हता. “पण बाई, त्या पायऱ्या होत्या कोणत्या?”

“ते मला अजून सापडलेलं नाही.”

“मग कुणी विचारलं तर?”

प्रत्येक आराखड्याखाली एक ओळ असते, शंका कुणाला विचाराव्यात याची. तिथे मी त्यांचंच नाव तसंच ठेवलं होतं. कुणी आक्षेप घेतला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं असणार.

“तिथे माझं नाव घाला,” मी म्हणाले. “आणि टीप द्या, की या सात जागांचा अर्थ काढणाऱ्याच्या खुणेवरून लावला आहे, पुरावा जोडायचा आहे. काढणारा म्हणून वर त्यांचं नाव राहू द्या.”

“राहील,” ते म्हणाले.

आराखडा आता खुला आहे. गेल्या आठवड्यात पहिली शंका आली, दूरच्या एका विद्यापीठातल्या संशोधक मुलीकडून. तिसऱ्या चौकटीत कोणत्या पायऱ्या गाळल्या आहेत, एवढंच तिनं विचारलं होतं. मी दोन दिवस घेतले. मग लिहिलं, “पायऱ्या आहेत. कोणत्या, ते मला अजून माहीत नाही. शोधते आहे.”

त्यांच्या एकोणीस वह्या आहेत. शनिवारी संध्याकाळी, कलबुर्गीची बस यायच्या वेळेला, मला काहीच काम नसतं. तेव्हा मी वही घेऊन बसते आणि बोट लावून वाचते. एका संध्याकाळी चार-पाच पानं होतात. मी चौथ्या वहीत आहे. अजून एकही तुटक रेघ आलेली नाही.