हाकेचं नाव

जुना फोटो हातात आला की इनासकाका आधी तो उलटा करत. पुढच्या बाजूला नवरा-नवरी असोत, बिशप असोत की बैल, त्यांना कौतुक नसे. पाठ कोरी दिसली की फोटो आणणाऱ्याच्या हातात परत. "मागं नावं लिवून आन. नायतर हा फोटो नाय, पुठ्ठा हाय."

भुईगावातल्या आमच्या ग्रामसंग्रहाचे ते संस्थापक, अध्यक्ष आणि झाडूवाले. संग्रह म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि अधूनमधून चालणारा स्कॅनर. मी वसईतल्या एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतला, मूळचा साताऱ्याकडचा. निवृत्त झाल्यावर वसईचा इतिहास वाचवायला निघालो होतो. वसईनं मला बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या ऐटीत सगळ्या फोटोंची यादी संगणकावर चढवली. नावं सरकारी यादीत असतात तशी, आडनाव आधी. काकांनी चष्मा सावरत ती वाचली.

"यात मनवेल किती?"

"अकरा."

"अकराही एकाच आडनावाचे. आता यातला ताडीवाला मनवेल कुठला नि बैलाला घाबरनारा कुठला? तू तर साऱ्यांचा मिळून एकच मनवेल केलास, एव्हरशाईन!"

एव्हरशाईन ही माझी हाक. गावात कागदावरचं नाव चर्चच्या आणि सरकारच्या सोयीसाठी असतं. माणूस ओळखला जातो तो हाकेच्या नावानं. माझी यादी रद्द झाली, गावातल्या प्रत्येक माणसाचं एक कागदी कार्ड बनलं आणि त्यावर नाव, घर यांच्यापुढे तिसरा रकाना आला: हाक.

त्या रकान्यानं आमची बरीच भांडणं लावली. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ आले. आजोबांच्या कार्डावर 'फुकट्या' लिहिलेलं त्यांना खपत नव्हतं. मुलीची सोयरीक चालू होती. काका शांतपणे म्हणाले, "काडतो की. पन मग आजोबा पन काडाय लागतील. गोड लिवायला लग्नपत्रिका हाय, इथं खरं लिवायचं." गृहस्थ पाय आपटत गेले. मी काकांच्या बाजूला बसून मान डोलावली होती, हे इथं कबूल करतो.

एकच कार्ड अपुरं होतं. त्यांचं स्वतःचं. हाकेचा रकाना कोरा. विचारलं की लगेच त्यांना खोली झाडायची आठवण होई. "मला हाक मारायला येळ कोनाला हाय?" आणखी एक गोष्ट मी पाहत होतो. समुद्राकडे जाताना ते नेहमी लांबच्या गल्लीनं वळून जात. सरळ वाटेवर 'लेक व्ह्यू' नावाची चार मजली इमारत होती. तळं कुठल्याच खिडकीतून दिसत नसे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी काका गेले. झोपेतच. त्यांना जवळचं कुणी नव्हतं, म्हणून गावाच्या ग्रुपवर निरोप मीच टाकला: इग्नेशियस, आडनावासकट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, इतिहासप्रेमी, अंत्यविधी चार वाजता. हात जोडलेली पुष्कळ चित्रं आली. मग एकानं विचारलं, "कोण हे?" दुसऱ्यानं विचारलं, "आपल्या गावचेच का?" बारा वाजले तरी काकांच्या दारात सात-आठ माणसं. मला गावाचा भयंकर राग आला.

शेजारच्या कतरीनबाय माझ्या हातातला फोन बघत म्हणाल्या, "कागदावरचं नाव टाकलंस, बाबा. कोन वळखनार? बुजव्या गेला म्हनून टाक. समदे येतील."

"बुजव्या?"

"तोंडावर कोन बोलत नव्हतं. बापाचं बावखल यानंच बुजवलं ना, तरुनपनी. साऱ्या वाडीचं गोडं पानी होतं त्या तळ्यात. आता तिथं ती बिल्डिंग हाय."

मेलेल्या माणसाला असं नाव कसं द्यायचं? तेही या माणसाला? सुटाबुटातल्या गृहस्थांची जागा आता मी घेतली होती. काकांचा एखादा बरा फोटो आणतो असं सांगून मी संग्रहाच्या खोलीत जाऊन बसलो.

त्यांच्या टेबलाच्या खणात एकच फोटो होता. नारळीच्या सावलीतलं भरलेलं बावखल, काठावर कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात उडी मारणारी पोरं. सवयीनं उलटा केला. मागं पेन्सिलीनं ओळीनं सगळ्यांच्या हाका लिहिल्या होत्या. अगदी खाली होतं: 'पान्याचा शेवटचा फोटो. काडनारा: बुजव्या.'

मी रडलो. मग फोटोच्या दोन्ही बाजू ग्रुपवर टाकल्या.

चार वाजता चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एक म्हातारे शवपेटीवर हात ठेवून म्हणाले, "बुजव्या, आमची पोहायची जागा खाल्लीस रे," आणि ओक्साबोक्शी रडू लागले.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्याच पेन्सिलीनं तिसरा रकाना भरला. कार्ड उलटं केलं. पाठ कोरी होती. मग कतरीनबायना बोलावून घेतलं आणि त्या सांगतील तशी, निरोप द्यायला आलेल्यांची हाकेची नावं लिहीत बसलो. फुकट्याचा नातूही आला होता. सगळ्यात शेवटी लिहिलं: एव्हरशाईन.