गोमा, हरेश्वर आणि मॅडम

हरीकाका गाणी बघायचे. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या कोपऱ्यातल्या मशीनवर गाणं लावायचं, मग स्पीकरची वायर काढून ठेवायची आणि पडद्यावर हलणारे रंग टक लावून बघत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलंय. मी वायर लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. कानांनी तीस वर्षं आयकलंय. आता डोळ्यांना आयकू द्या जरा."

हरेश्वर भोईर हे गोडदेव गावातले मूळचे. एकेकाळी घरची मिठागरं होती. आता तिथे इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्याच एकीत आम्ही गिरगावातून येऊन राहिलो होतो. काका लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचे. शिक्षण आठवी, वय पन्नाशीपुढे. क्लासमध्ये नाव घालायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, नोकरी लागेल का? काकांनी विचारलं, "मॅडम, आवाज दिसतो क?"

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तालावर रंग नाचवायची सोय असायची. मी ती दाखवली आणि सुटले, असं मला वाटलं. पण काका कुठले सोडायला! "हे कोन करतो?" कॉम्प्युटर करतो, मी म्हटलं. "आनि कॉम्प्युटरला कोन सांगतो?" पाच वर्षं मी कॉम्प्युटर शिकवत होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शिकवणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत, तो नुसती उत्तरं वाटत फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही दोघांनी शोधलं. प्रत्येक नाचामागे एक छोटी फाइल असते, तिला प्रीसेट म्हणतात. तिच्यात साधी गणितं लिहिलेली असतात: ढोल जोरात वाजला की वर्तुळ किती फुगवायचं, बारीक आवाज आला की रंग कुठला घ्यायचा. जगभरातली हौशी माणसं अशा फाइली बनवून इंटरनेटवरच्या एका फोरमवर टाकत होती. कोणीही कोणाचीही फाइल उघडावी, बदलावी, पुन्हा टाकावी. परवानगी लागत नसे. अट एकच होती, आधीच्याचं नाव ठेवून आपलं नाव पुढे जोडायचं. म्हणून फाइलींची नावं लांबलचक असत आणि त्यात एकेक टोपणनावं अशी की ही माणसं आहेत की औषधं, कळू नये.

दर शनिवारी दुपारी क्लास रिकामा असला की काका येऊन बसत. उत्तनच्या एका लग्नात स्वतः रेकॉर्ड केलेला बँड लावत आणि एक आकडा बदलून बघत. मी घाईने दोन-तीन आकडे एकदम बदलले तर हात धरल्यासारखं थांबवत. "एका टायमाला एकच. दोन बदलले तं कललं कसं, कोनी काय केलं?" एकदा मी फळ्यावर मोठी लाट काढून त्यांना गणितातलं साईन म्हणजे काय ते समजावत होते. काकांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे भरती-ओहोटी. तसं सांगायचं ना सरल!"

वर्षभरात त्यांनी स्वतःचं एक प्रीसेट बनवलं, 'आगर' नावाचं. आगर म्हणजे मिठागर. पडद्यावर ओळीने सहा चौकोन. पहिल्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. जाता जाता रंग घट्ट होणारा, आणि शेवटच्या चौकोनात ढोलाच्या ठोक्याला पांढरे कण उसळणारे. माझी कामगिरी एवढीच की रंग फार लवकर विझत होते, तिथला आकडा मी पॉइंट नऊचा पॉइंट शहाण्णव केला. फाइलच्या सुरुवातीला काकांनी नावं कोणती लिहिली, ते मी तेव्हा पाहिलंही नाही.

पाहिलं ते क्लासच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. मालक पेणकरपाड्याला नवी शाखा काढणार होते, आणि ज्या शिक्षकाचं काम चांगलं ठरेल त्याला ती चालवायला मिळणार होती. मला ती शाखा हवी होती. अगदी मनापासून हवी होती. मी 'आगर' उघडलं. वर लिहिलं होतं: गोमा, हरेश्वर, मॅडम. गोमा हा फोरमवरचा कोणीतरी परदेशी असणार, त्याच्या कुठल्या तरी फाइलीवरून काकांनी काम सुरू केलं असणार, असं मी धरून चालले. तिन्ही नावं पुसली आणि तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं.

प्रदर्शनात टाळ्या पडल्या. शाखा मला मिळणार, हे मालकांनी तिथेच जाहीर केलं. काका चौथ्या रांगेत बसले होते. जाताना म्हणाले, "पांढरा रंग चांगला दिसला." बस, एवढंच. त्यानंतरचे दोन शनिवार ते आले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी मी एकटीच फोरम उघडून बसले. काकांनी 'आगर' तिथे आधीच टाकलं होतं, तिन्ही नावांसकट. खाली मी शिकवलेलं इंग्रजी होतं: प्लीज सी. चेंज अँड सेंड. त्याखाली कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं विचारलं होतं, हा मॅडम कोण आहे, रंग इतका वेळ टिकवायची युक्ती त्याचीच का? आणि काकांचं उत्तर होतं: येस. मॅडम इज माय टीचर.

मी तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले. ते अंगणात एक अॅम्प्लिफायर खोलून बसले होते. मी सगळं सांगितलं, रडलेही. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही.

"मॅडम, मीठ शेवटच्या वाफ्यात दिसतं. म्हनून पानी तिथलं होत न्हाय. ते पैल्या वाफ्यातून येतं." आणखी एक स्क्रू काढून म्हणाले, "माजं जाऊ द्या. पन गोमाचं घाला. पैलं त्याचंच घाला."

त्याही वेळी मला वाटलं, काका तरी कमाल करतात, कुठल्या कोण परक्यासाठी इतका जीव टाकतात. पण मी तिन्ही नावं परत घातली आणि सोमवारी मालकांना खरं सांगितलं. शाखा दुसऱ्या मॅडमना गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी गोडदेवलाच राहिले. पुढच्या शनिवारी काका आले, वायर काढली आणि खुर्ची थोडी सरकवून माझ्यासाठी जागा केली.

चार वर्षांनी काका गेले. बसल्या जागी, हृदयाच्या झटक्याने. दिवस झाल्यावर मी काकींना भेटायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, ते दर शनवारी तुज्याकडं काय करायचं, मना एकदा दाखव ना." मी त्यांना क्लासमध्ये आणलं. फोरमवर 'आगर' शोधलं. चार वर्षांत ते किती हातांतून गेलं होतं! सगळ्यात नव्या फाइलीवर आठ नावं होती. मी उत्तनचा बँड लावला, वायर काढली आणि ती नावं ओळीने वाचून दाखवली.

"गोमा?" काकी दचकल्या. "गोमा तं माजा सासरा!"

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"त्याला कुटला आला कॉम्प्युटर," काकी पडद्याकडे बघत बोलत होत्या. "पन कुटला वाफा कवा उघडायचा, सगलं त्याच्या डोक्यात. ह्यांना बारके असताना बांधावर बसवून दाखवायचा. ह्ये बघ, अस्संच जायचं पानी."

म्हणजे मी पुसलेलं पहिलं नाव कुठल्या परक्याचं नव्हतं. मुलाने बापाचं लिहिलेलं ते नाव होतं, आणि मी ते एका शाखेसाठी पुसलं होतं. काकांना हे सांगून मला खजील करता आलं असतं. त्यांनी फक्त म्हटलं होतं, गोमाचं घाला. आणि ज्यांनी कधी मिठागर पाहिलंही नाही अशा पाच माणसांनी ते नाव कोणाचं हे माहीत नसताना जपलं होतं.

काकींना वाचता येत नव्हतं. "कुटं हाय सासऱ्याचं नाव?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून ओळीतल्या पहिल्या चार इंग्रजी अक्षरांवर ठेवलं. मग शेजारी, काकांच्या नावावर. तिथे ते बराच वेळ राहिलं.

"आनि तुजं?"

मला वर बघवेना. मी त्यांचं बोट तिसऱ्या नावावर नेलं.