नदीपलीकडचा निरोप

हे मी कुणाजवळच बोललो नाही — बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय. आणि बघा, आताही आधी पावसाचंच सांगावंसं वाटतंय.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. हैदराबादच्या कॉलेजातून पोळ्याला हिंगोलीला आलो होतो. पावसाची झड लागली होती. आईनं सकाळी दोन कामं सांगितली — घासलेट आण आणि छत्रीची काडी बसवून घे. निघालो तर शेजारचे इब्राहिमभाई पिंजारी दारात उभे. त्यांची आई, आमची खाला, रात्रीपासून अखेरची घटका मोजत होती. तिला सोडून त्यांना हलता येत नव्हतं.

"कयाधूला अजून पाणी न्हाई," ते म्हणाले. "पलीकडं जाऊन झैनबला सांग, अम्मा याद करून राहिली. असशील तशी ये म्हणावं."

झैनबआपा त्यांची धाकटी बहीण, कयाधू नदीच्या पलीकडच्या गावात दिलेली. लहानपणी मी तिच्या कडेवर वाढलेला. मी हो म्हणालो — अगदी मनापासून म्हणालो हो.

घासलेट आणलं, छत्री नीट केली. मग घरी आलो आणि — कसं सांगू? — एक कविता डोक्यात घोळत होती. पावसावरची. दोन ओळी उतरवू आणि निघू, असं ठरवलं. दोनाच्या चार झाल्या. मी स्वतःवर फार खूश होतो. वरच्या अंगाला पाऊस केव्हा कोसळला कुणास ठाऊक. काठावर पोचलो तेव्हा गढूळ पाणी दोन्ही थड्या धरून चाललं होतं.

परत फिरलो. इब्राहिमभाईंनी गल्लीतच विचारलं. नुसतं नाही म्हणायचं होतं. काय झालं असतं? रागावले असते, इतकंच ना? पण माझ्या तोंडून निघालं, "सकाळीच सांगितलं. निघते म्हणाली."

वरच्या घाटावर भोई होते. पुरातही भोपळ्यांच्या सांगडीवर माणूस उतरवायचे. मी खरं बोललो असतो तर इब्राहिमभाईंनी भोयांना पाठवून तिला आणवलं असतं. पण ती निघालीच आहे, काठावर आली की भोई उतरवतील म्हटल्यावर कुणाला कशाला पाठवायचं? सगळे वाट बघत बसले. मीही बसलो. खाला डोळे मिटूनच विचारायची, झैनब आली का? येऊन राहिली, असं सांगायचे.

दुपारी खाला गेली. त्यांच्यात मयत घरात ठेवत नाहीत, तरी लेकीला तोंड दिसावं म्हणून दिवस कलेपर्यंत थांबले. मग कब्रस्तानात नेलं. खांदा मीही दिला.

पाणी ओसरल्यावर बातमी पलीकडं पोचली आणि आपा आली, ओरडत, धावत. इब्राहिमभाई दारातून हलले नाहीत.

"पूर यायच्या आधी निरोप मिळाला," ते म्हणाले, "तरी तुझा पाय निघाला न्हाई."

ती म्हणाली, कुणीच आलं नाही. आणि मग माझ्याकडे वळली. "सांग ना रे बाबू, तू आला होतास का?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. शिकलेलं पोरगं, हे कशाला खोटं बोलेल?

मी म्हणालो, "आलो होतो, आपा."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पदर डोक्यावर ओढून निघून गेली. त्यानंतर तिला माहेर उरलं नाही. ईदेला इब्राहिमभाई आमच्याकडे शीरखुर्मा पाठवायचे, सख्ख्या बहिणीकडे नाही. मी तो खायचो. हो, खायचो. ते वारले तेव्हा ती आली, पण बाहेरूनच गेली. आता तीही नाही.

कविता कॉलेजच्या अंकात छापून आली. तिच्यात कयाधूचा पूर होता, लोकांना फार आवडला.

मी त्या दिवशी नदी ओलांडली नव्हती. झैनबआपा खरं बोलत होती.