पालीच्या घराची बारीक मापं

पंचशीला तायडेच्या वाटेला ऑफिसात कुणी जात नसे. गोडदेवच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढत होती, आणि तिथले मालक नीरज सर तिच्या डोक्यात जात. सरांना ड्रॉइंग ‘क्लीन’ लागे. मापांचे आकडे बारीक, फिकट राखाडी, भिंतीच्या तिरप्या रेषांत बुडालेले. सरांच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर ते छान दिसे. साइटवर मात्र तेच ड्रॉइंग लहान कागदावर छापून जाई आणि आकड्यांच्या जागी नुसते ठिपके उरत.

“सर, मिस्त्रीला हे वाचता येणार नाही. टेक्स्ट मोठा करू द्या.”

“पंचशीला, हे ड्रॉइंग आहे की लग्नाचं बॅनर? ते लोक बघून घेतात त्यांचं. तू किटकिट नको करू.”

सगळे हसले. ते तिला फार झोंबलं. एरवी सरांची पाठ वळली की ती गुपचूप आकडे वाढवून साइटची प्रिंट काढायची. त्या दिवशी तिने हात आवरला. पडू दे एकदाचा तोंडावर, मनाशी म्हणाली, आणि होती तशी प्रिंट पाठवून दिली.

ड्रॉइंग पालीच्या राघोच्या घराचं होतं. राघोची आई अंबिका पाय गेल्यापासून व्हीलचेअरवर होती. मुलाने उचलून संडासला न्यायचं, म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. आपलं आपल्याला जाता यावं, एवढ्यासाठी तर जुनं घर पाडलं होतं. तिचं ऐकून संडास-बाथरूमचं रुंद दार ड्रॉइंगमध्ये पंचशीलानेच काढलं होतं.

गृहप्रवेशाला पंचशीला मुद्दाम गेली. सरांची कुठे ना कुठे फजिती होणार, ती तिला डोळ्यांनी बघायची होती. अंबिका हौसेने खुर्ची ढकलत बाथरूमपाशी आली आणि चाकं चौकटीला अडली. मिस्त्रीने नेहमीचं अरुंद दार बसवून टाकलं होतं.

“मिस्त्रीची चूक आहे,” सरांनी हात झटकले. “भिंत तोडू नंतर.”

“साहब, इसमें कुछ दिखता है क्या?” मिस्त्रीने चुरगळलेली प्रिंट सगळ्यांपुढे धरली.

‘सांगितलं होतं ना, सर?’ पंचशीलाच्या जिभेवर तयारच होतं. पण म्हातारीला तेव्हाच संडासला जायचं होतं. राघोने पाहुण्यांदेखत तिला उचललं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

बाहेर आणल्यावर म्हातारीने पंचशीलाचा हात धरला. “तू नको वाईट वाटून घेऊ, पोरी. येवढं बारीक हाय ते, तुला तरी कसं दिसंल?”

पंचशीलाला दिसलं होतं. प्रिंट गुंडाळताना त्या दाराचं माप तिने नीट न्याहाळलं होतं, आणि ते वाचता येत नाही म्हणून ती खूश झाली होती.