गवत कापू दिलं असतं तर

शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात मी वीसेक वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, असं आम्ही शिक्षकच म्हणायचो. हक्क आणि कर्तव्यं मुलं पाठ करतात आणि विसरतात, म्हणून नववीसाठी मी स्वतःचा उपक्रम काढला होता. दर हिवाळ्यात मुलांनी घरून जुने पण धड कपडे आणायचे आणि ऊसतोड मजुरांना वाटायचे. दान हाताने शिकवायचं, तोंडाने नाही, असं मी स्टाफरूममध्ये ऐकवायचो आणि सगळे मान डोलवायचे.

त्या वर्षी वर्गात धडगावकडच्या पाड्यावरची एक मुलगी होती. गावात मावशीकडे राहून शिकायची. आईवडील हंगामात ऊस तोडायला डोंगरातून खाली उतरायचे. ती बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. चाचणीत मी प्रश्न घातला, निरपेक्ष मदतीचं एक उदाहरण लिहा. तिने लिहिलं, 'आमच्याकडे लाह असतो. कुणाचं घर बांधायचं, कुणाची निंदणी राहिली, की सगळा पाडा कामाला जातो. तो सगळ्यांना जेवू घालतो. मग दुसऱ्याच्या कामाला तोही जातो.' मी लाल शाईने शेरा मारला, 'ही देवाणघेवाण झाली, दान नव्हे', आणि भोपळा दिला. वर्गात उत्तर वाचूनही दाखवलं. मुलं हसली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर गेलो. तिला त्यांची बोली येते म्हणून साड्या वाटायला मी तिलाच पुढे उभं केलं. रांगेतल्या चौथ्या बाईला साडी देताना तिने मान वर केली नाही. मी म्हणालो, "हस की जरा, फोटो काढतोय." त्या बाईने तिला काहीतरी विचारलं.

"काय म्हणताहेत?"

"आई विचारते, सर, तुमच्याकडे कामाला कधी येऊ."

तेव्हा मला कळलं की ती तिची आई. तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. निदान तेव्हा तरी वरमायचं! उलट सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "सांग त्यांना, आम्हाला परत काही नको."

रविवारी सकाळी तोड बुडवून तिघं माझ्या दारात आली. आईवडिलांच्या हातात विळे होते. घराशेजारच्या माझ्या मोकळ्या प्लॉटात गवत कमरेएवढं वाढलं होतं. वडिलांनी तिकडे बोट केलं. मी हात जोडून नको नको म्हणत राहिलो.

आतून बायको म्हणाली, "करू द्या ना त्यास्ले. तुमनं काय जास?"

मी ऐकतो कुठला! दिल्याचं मोल घेतलं तर वर्गात काय तोंड दाखवू? उलट त्यांना चहा पाजला. निघताना मुलगी म्हणाली, "सर, कापू द्या ना. आम्ही मागणारे नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तसं कोण म्हणतं, बेटा?"

वर्गात म्हणत होते. मुली तिला साडीवाली म्हणायच्या. हे मला कळलं ते ती शाळेत यायची थांबल्यावर. कोप्यांवर गेलो, तर टोळी दुसऱ्या शिवारात हलली होती. मावशी म्हणाली, पोरगी आईबरोबर तोडीला गेली, दप्तर इथेच ठेवून. मी निरोप ठेवला की प्लॉट तसाच आहे, कापायला या. कुणी आलं नाही. यावं तरी का?

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना कितीदा ऐकवली असेल. देणाऱ्याचा मोठेपणा मिरवता मिरवता मी त्या माणसांना फेडण्याचा साधा हक्कही दिला नाही, आणि एका हुशार पोरीची शाळा मोडली. साडी देतानाचा तो फोटो अजून शाळेच्या ऑफिसात टांगलेला आहे.

यंदा निवृत्त होण्याआधी शेवटच्या चाचणीत मी तोच प्रश्न पुन्हा घातला. मुलांनी अन्नदान लिहिलं, रक्तदान लिहिलं, कपडेवाटपही लिहिलं. एकेक पेपर मी नीट वाचला. लाह कुणीच लिहिला नव्हता. ज्या मुलीला ते उत्तर येत होतं, तिला मी भोपळा देऊन उसाच्या फडात पाठवलं होतं.